संशोधनातील नैतिकता : नाशिक परिसरातील संशोधकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर व जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थी, पीएच.डी.चे संशोधक, प्रबंधिका लिहिणारे डॉक्टर व परिचारिका आणि आपल्याच गावाचा अभ्यास करू इच्छिणारे शिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा मुख्य आधार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे हा आहे. त्याला महाविद्यालयीन नैतिकता समितीवर, म्हणजे संशोधनाचे आराखडे सुरुवातीपूर्वी तपासणाऱ्या समितीवर, काम करताना आलेल्या अनुभवाची जोड दिली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संशोधनातील नैतिकता म्हणजे नक्की काय? दुसऱ्याचे उतरवू नये आणि आकडे खोटे लिहू नयेत, एवढेच ना?

ते अर्धे झाले. उरलेले अर्धे म्हणजे ज्यांच्याकडून आपण माहिती, वेळ, रक्त किंवा आठवणी घेतो, त्यांच्याविषयीचे कर्तव्य. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण करण्यात आले; पेनिसिलिन हा प्रभावी उपचार उपलब्ध झाल्यानंतरही तो त्यांना दिला गेला नाही. तेथे निरीक्षणे नोंदवली जात होती, अहवालही प्रसिद्ध होत होते, म्हणजे केवळ ‘आकडे खरे आहेत का’ एवढेच विचारले असते तर त्या अभ्यासातील अन्याय दिसलाच नसता. आयसीएमआरची तत्त्वे चार मूलभूत गोष्टींवर उभी आहेत : व्यक्तीचा आदर, तिचे हित पाहणे, तिला इजा न करणे आणि न्याय. यांतील न्याय सर्वांत कमी चर्चिला जातो. संशोधनाचा भार एका समाजाने उचलायचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यायचा, असे होऊ नये, हा त्याचा साधा अर्थ आहे.

२. माझा अभ्यास फक्त प्रश्नावलीचा आहे. रक्त नाही, औषध नाही. तरीही नैतिकता समितीकडे जावे लागते का?

जावे लागते. प्रश्नानेही इजा होते. गर्भपात, कर्ज, व्यसन किंवा घरातील मारहाण यांविषयी विचारलेला एखादा प्रश्न सुईपेक्षा खोल जाऊ शकतो. समितीकडे छाननीचे तीन मार्ग असतात : पूर्ण समितीपुढील छाननी, कमी जोखमीच्या अभ्यासांसाठीची जलद छाननी आणि जवळजवळ जोखीमच नसलेल्या अभ्यासांना छाननीतून सूट. आपला अभ्यास सूट मिळण्याजोगा आहे, हे संशोधकाने स्वतः ठरवायचे नसते, ते समितीने ठरवायचे असते; बहुतेकांची गफलत नेमकी येथे होते. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र व समाजकार्य या विषयांच्या विद्यार्थ्यांना ‘हे नियम डॉक्टरांसाठी आहेत’ असे सांगितले जाते. आरोग्याशी संबंध येणाऱ्या सामाजिक संशोधनालाही ही तत्त्वे लागू आहेत आणि ज्या विषयांत कागदोपत्री सक्ती नाही, तेथेही माणसे तीच असतात.

३. आमच्या महाविद्यालयात अशी समितीच नाही. मग काय करावे?

दुसऱ्या संस्थेच्या समितीशी लेखी सामंजस्य करार करून तिच्याकडून छाननी करून घेण्याची मुभा आयसीएमआरच्या तत्त्वांत आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच असून शहर परिसरात आरोग्य शाखांची अनेक महाविद्यालये आहेत. म्हणून आपल्या प्राचार्यांमार्फत जवळच्या संस्थेकडे लेखी विनंती करणे, हा पहिला मार्ग ठरतो. समिती नोंदणीकृत आहे का, हे आधी विचारावे. ‘नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९’ नुसार औषधचाचण्या तपासणाऱ्या समित्यांची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, तर इतर जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन तपासणाऱ्यांची आरोग्य संशोधन विभागाकडे करावी लागते. समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावेत आणि कायदेतज्ज्ञ व सामान्य नागरिक यांनाही स्थान असावे, अशी अपेक्षा आहे. सामान्य नागरिक सदस्याला शोभेपुरते बसवले जाते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. माहितीपत्रक वाचून ‘मला हे समजले नाही’ असे निःसंकोच म्हणणारा तोच एक सदस्य असतो आणि त्याचे ते वाक्य इतर सर्वांच्या टिपणांइतकेच मोलाचे असते.

४. अर्ज केव्हा करावा?

पहिल्या सहभागीला भेटण्यापूर्वी. औषध किंवा इतर उपचारांची चाचणी असेल, तर भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्येही, तिची नोंद करावी लागते आणि १ एप्रिल २०१८ पासून तेथे पहिला सहभागी दाखल होण्यापूर्वी केलेली नोंदच स्वीकारली जाते. वेळ चुकली असेल, तर प्रश्न १५ पाहावा.

५. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला, म्हणजे संमती झाली का?

नाही. सही हा संमतीचा पुरावा असतो. संमती त्याआधी झालेल्या बोलण्यात असते. अभ्यास कशासाठी आहे, किती वेळ लागेल, काय त्रास होऊ शकेल, लाभ असेल तर कोणता, माहिती कोण पाहील, आणि नकार दिला किंवा मधूनच बाहेर पडले तरी उपचारांत, रेशनमध्ये वा कामात काहीही फरक पडणार नाही, हे सर्व त्या व्यक्तीला तिच्या भाषेत सांगावे लागते. ‘तिच्या भाषेत’ याचा अर्थ प्रमाण मराठी असाच होत नाही. सुरगाणा व पेठ भागात कोकणा, कळवण-बागलाणकडे अहिराणी व भिली, मालेगावात उर्दू, अशी आपल्या जिल्ह्याची स्थिती आहे आणि इंग्रजीतून शब्दशः उतरवलेले ‘स्वेच्छेने सहभागी होण्यास संमती प्रदान करीत आहे’ हे वाक्य यांपैकी कोणत्याही घरात बोलले जात नाही.

सांगून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘हो’ असेच येते. ‘आम्ही काय करणार आहोत, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’ असे विचारावे. व्यक्तीला वाचता येत नसेल, तर सर्व संभाषण ऐकणारा, संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार असावा व त्याचीही सही घ्यावी. माहितीपत्रकाची प्रत सहभागीकडेच राहिली पाहिजे. घरच्यांशी बोलून उद्या सांगते, असे कोणी म्हणाले, तर तो नकार नसतो आणि टाळाटाळही नसते; तो तिचा हक्क असतो, म्हणून आराखड्यात त्या दुसऱ्या खेपेचा वेळ व प्रवासखर्च आधीच धरावा.

६. सरपंच, मुख्याध्यापक किंवा बागेचे मालक यांनी परवानगी दिली असेल, तर प्रत्येकाला वेगळे विचारण्याची गरज आहे का?

गरज आहे. या पानावरील एकच उत्तर वाचायचे असेल, तर हे वाचावे. जागेत प्रवेश देण्याचा अधिकार मालकाचा किंवा प्रमुखाचा असू शकतो. दुसऱ्याच्या वतीने ‘हो’ म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो. परवानगी आणि संमती या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि पहिली मिळाली म्हणून दुसरी गाळता येत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या हंगामात, दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागेत फवारणीच्या त्रासाविषयी मी मजुरांच्या मुलाखती घेतल्या. मालकांनी आपुलकीने ओट्यावर सतरंजी टाकून दिली, मुकादमाने एकेकाला बोलावून आणले आणि दोन दिवसांत सर्व प्रश्नावल्या भरून झाल्या. जवळजवळ प्रत्येकाने ‘काही त्रास नाही’ असे सांगितले होते. पुढे त्यांच्यातील एक बाई सुरगाण्याकडच्या तिच्या गावी भेटल्या, तेव्हा फवारणीनंतरच्या दिवसांत डोके किती दुखते आणि हातांची आग कशी होते, हे त्यांनी न विचारता सांगितले. मुकादम चार पावलांवर उभा असताना त्या वेगळे काय बोलणार होत्या? त्या मुलाखती मी वापरल्या नाहीत. संमती खरी नव्हती म्हणून माहितीही खरी नव्हती. नैतिक दोष आणि शास्त्रीय दोष तेथे एकच होते.

म्हणून मजुरांशी बोलायचे असेल, तर कामाच्या वेळेबाहेर, मालक व मुकादम यांच्या नजरेआड आणि शक्यतो त्यांच्या बिऱ्हाडी किंवा मूळ गावी बोलावे. कोणी सहभाग घेतला व कोणी नाकारला, हे मालकाला कळणार नाही, अशी व्यवस्था ठेवावी. मालकाने ‘अहवाल आधी मला दाखवा’ अशी अट घातली, तर ती नम्रपणे नाकारावी. हीच गोष्ट कारखान्यातील कामगार, रुग्णालयातील परिचारिका आणि आपल्याच वर्गातील विद्यार्थी यांना लागू पडते. गुण देणाऱ्या शिक्षकाने स्वतःच प्रश्नावली वाटली, तर नकार देणे विद्यार्थ्याला जवळजवळ अशक्य होते; ते काम वर्गाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याकडे सोपवावे.

७. आश्रमशाळेतील मुलांचा अभ्यास करायचा आहे. पालक दूर असतात. अधीक्षकांची सही चालेल का?

चालणार नाही. १८ वर्षांखालील सहभागीसाठी पालकांची लेखी संमती लागते. त्याशिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा, असे आयसीएमआरची तत्त्वे सांगतात. पालकांनी ‘हो’ म्हटले आणि मूल नको म्हणाले, तर मुलाचे ऐकावे.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात व गुजरातमधील वडोदऱ्यात मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये तो थांबवावा लागला. त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी थेट संबंध चौकशीत आढळला नाही. परंतु वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या असल्याचे उघड झाले. लस उपयोगी असणे आणि संमतीची पद्धत चुकीची असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. आश्रमशाळेत जाण्यापूर्वी त्या विभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि पालकांना भेटण्यासाठी सुट्टीत मुलांना न्यायला येण्याचे दिवस किंवा गावचा आठवडे बाजार गाठावा. ऊसतोडीला किंवा द्राक्षबागांवर गेलेले पालक परतेपर्यंत थांबावे लागेल, हे वेळापत्रक आखतानाच धरून चालावे.

८. पाड्यावरच्या वैदूंकडून झाडपाल्याच्या औषधांची माहिती घेत आहे. यात नैतिक प्रश्न कोणता?

ती माहिती कोणाची, हा. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि लोकांच्या ज्ञानाची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत केली जाते. प्रथम त्या समितीशी बोलावे. पेटंटचा विचार असेल किंवा परदेशी संस्था सहभागी असेल, तर चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहणे अनिवार्य आहे. जाणकाराचे नाव श्रेयात द्यावे की गुप्त ठेवावे, हे त्यालाच विचारावे, कारण येथे नाव झाकणे म्हणजे कधीकधी श्रेय हिरावून घेणे ठरते. एखादी वनस्पती दुर्मीळ असेल, तर ती मिळण्याची नेमकी जागा छापू नये. आदिवासी समाजातील आरोग्यसंशोधन त्या समाजाच्या उपयोगाचे असले पाहिजे आणि क्षेत्रात जाण्यापूर्वी सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्याची परवानगी असावी, हेही आयसीएमआरच्या तत्त्वांत स्पष्ट आहे.

९. सहभागींना पैसे किंवा भेटवस्तू देता येतात का?

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते. माझ्या मते ती दिलीच पाहिजे. ज्या रकमेमुळे माणूस एरवी पत्करली नसती अशी जोखीम पत्करेल, ती रक्कम मात्र आमिष ठरते. किती व कशासाठी देणार, हे अर्जात लिहून समितीची मान्यता घ्यावी.

१०. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीसाठी घेतलेले रक्ताचे नमुने शिल्लक आहेत. दुसऱ्या अभ्यासाला वापरू का?

मूळ संमतीत तसे विचारले होते का, हे पाहावे. नसेल, तर समितीकडे नव्याने अर्ज करावा. पुन्हा संमती घ्यावी, की नमुन्यांची ओळख कायमची पुसून वापर करता येईल, हे समिती ठरवील. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील हवासुपाई या मूलनिवासी समाजाने १९९०च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिले होते. ते मानसिक आजार आणि समाजाचे मूळ यांसारख्या विषयांसाठी वापरले गेल्याचे कळल्यावर त्यांनी दावा लावला आणि २०१० मध्ये झालेल्या तडजोडीत अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला भरपाईबरोबर नमुनेही परत करावे लागले. सिकलसेलच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे. एखादी मुलगी वाहक असल्याचे गावात समजले, तर तिच्या लग्नाच्या बोलण्यांवर परिणाम होतो. म्हणून निकाल शेजाऱ्यांसमोर किंवा यादी वाचून कधीही सांगू नये आणि समुपदेशनाची सोय नसेल तर तपासणीच करू नये.

११. २०२७च्या कुंभमेळ्यात गर्दीचा अभ्यास करायचा आहे. लाखो लोकांची संमती कशी घेणार?

गोदाघाटावर किती माणसे कोणत्या वाटेने जातात, याची मोजणी ओळख न नोंदवता केली, तर वैयक्तिक संमती लागत नाही. समितीकडून सूट किंवा जलद छाननी मिळू शकते. परंतु चेहरा ओळखू येईल असे छायाचित्र, मोबाइलच्या ठिकाणाची नोंद, आरोग्याची विचारपूस किंवा साधूंच्या मुलाखती यांपैकी काहीही आले, की प्रश्न ५ मधील सर्व बाबी लागू होतात. स्नान करणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, छायाचित्रे ‘सार्वजनिक जागा’ या सबबीखाली घेऊ नयेत. घाट सार्वजनिक असला, तरी स्नान करणाऱ्याने आपले शरीर संशोधनाला दिलेले नसते.

१२. नावे काढून टाकली, की गोपनीयता राखली गेली ना?

लहान गावात नाही. ‘पेठ तालुक्यातील एका पाड्यावरील ३४ वर्षांची विधवा अंगणवाडी सेविका’ असे लिहिले, की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. गाव, वय, व्यवसाय आणि जात यांचे एकत्र वर्णन टाळावे, वय गटात द्यावे आणि कोणता क्रमांक कोणत्या व्यक्तीचा हे सांगणारी वही माहितीपासून वेगळी, कुलुपात ठेवावी. वैयक्तिक डिजिटल माहितीसाठी २०२३चा संरक्षण कायदा आहे. त्यात संशोधनाला अटींसह सवलत असली, तरी ती निष्काळजीपणाची सवलत नव्हे. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर पाठवणे किंवा ते लिहून काढण्यासाठी सार्वजनिक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांत टाकणे ही आजची सर्वांत सामान्य गळती आहे. सहभागीने संमती आपल्याला दिलेली असते, त्या कंपन्यांना नाही.

१३. मुलाखतीत अल्पवयीन मुलीने अत्याचाराची गोष्ट सांगितली. मी गोपनीयतेचे वचन दिले होते. आता काय?

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा, कायदा, २०१२ याच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. संशोधकाला यातून सूट नाही. तेव्हा मुलीला विश्वासात घेऊन, पुढे काय होईल हे सांगून, चाइल्डलाइनच्या १०९८ क्रमांकाची मदत घेऊन तत्काळ कळवावे आणि समितीलाही लेखी माहिती द्यावी. खरी चूक आधी झालेली असते : पाळता न येणारे वचन माहितीपत्रकात दिले गेले. ‘मुलांच्या सुरक्षिततेला धोका असल्याचे समजल्यास आम्हांला ते कळवावे लागेल’ हे वाक्य तेथे पहिल्या दिवसापासून हवे.

१४. नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचा अभ्यास करतो. पक्ष्यांसाठीही नैतिकता समिती लागते?

पक्षी पकडणे, पायात ओळखीचे वलय चढवणे किंवा रक्त घेणे असेल, तर वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली वन विभागाची परवानगी लागते. दुरून निरीक्षण करणार असाल, तरी ते अभयारण्य आहे, म्हणून प्रवेशाचे व अभ्यासाचे नियम विभागाकडून समजून घ्यावेत आणि विणीच्या काळात घरट्यांपासून दूर राहावे. प्रयोगशाळेतील उंदीर, ससे इत्यादींवरील प्रयोगांसाठी संस्थेची प्राणी नैतिकता समिती वेगळी असते. प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरता येईल का, संख्या कमी करता येईल का आणि वेदना कमी करता येतील का, हे तीन प्रश्न ती विचारते.

१५. माहिती गोळा झाली, प्रबंध लिहून झाला. आता नियतकालिक समितीचे पत्र मागत आहे. मागील तारखेचे पत्र मिळेल का?

मिळणार नाही आणि मागूही नये. छाननी म्हणजे होऊ शकणारी इजा आधी टाळणे. झालेल्या गोष्टीची छाननी होत नाही. मागील तारीख घालून दिलेले पत्र हे बनावट दस्तऐवज आहे, मग ते कितीही ओळखीच्या माणसाने दिलेले असो. समितीला खरी हकिकत लिहून कळवावी आणि नियतकालिकालाही तेच सांगावे. काही वेळा शोधनिबंध नाकारला जाईल. रुग्णालयात उपचारांच्या ओघात आधीच झालेल्या नोंदींचा अभ्यास मात्र वेगळा : त्या नोंदी संशोधनासाठी उघडण्यापूर्वी अर्ज केला, तर समिती वैयक्तिक संमतीची अट शिथिल करू शकते.

१६. प्रबंधात इतरांच्या लेखनाशी किती टक्के साम्य चालते? आणि मार्गदर्शकांचे नाव घालावेच लागते का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. परंतु टक्केवारी हा चोरीचा परवाना नव्हे. इंग्रजी निबंधाचा परिच्छेद मराठीत उतरवून स्वतःचा म्हणून छापला, तर संगणकाला साम्य सापडेलच असे नाही, तरी ते वाङ्मयचौर्यच असते. लेखक म्हणून नाव येण्यासाठी अभ्यासात खरा बौद्धिक वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी हे चारही निकष पूर्ण व्हावे लागतात; पद हा निकष नाही. घरोघर फिरून माहिती आणणाऱ्या आशा सेविकेचा व दुभाष्याचा उल्लेख मात्र बहुतेक प्रबंधांत आभारांच्या ओळीतही नसतो. तो असावा.

१७. विहिरींच्या पाण्यात कीटकनाशकाचा अंश सापडला. गावकरी म्हणतात, छापू नका, द्राक्षांची निर्यात बुडेल. काय करावे?

दोन्ही बाजूंची भीती खरी आहे. परदेशी बाजारात अंशाच्या मर्यादा कडक असतात आणि गावाचे नाव बदनाम झाले, तर ज्यांनी आपल्याला विहिरीवर नेले, त्यांचेच नुकसान होते. दुसरीकडे तेच पाणी त्यांची मुले पीत असतात. म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम नमुने पुन्हा घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळावेत. निष्कर्ष कायम राहिला, तर निबंधाची वाट न पाहता त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबांना, ग्रामपंचायतीला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सांगावे व समितीला कळवावे. निबंधात गावाचे नाव न देता तालुका किंवा खोऱ्यापुरता उल्लेख करावा. आकडे मात्र बदलू किंवा गाळू नयेत. पुढच्या अभ्यासात ‘धोकादायक निष्कर्ष निघाल्यास कोणाला, किती दिवसांत कळवणार’ हे माहितीपत्रकातच लिहावे आणि विहिरीत पहिली बादली सोडण्यापूर्वी ते गावकऱ्यांना वाचून दाखवावे.